तीस वर्षं उडतंय, म्हणून?

‘इतकी वर्षं उडतंय, आत्ताच काय होणार’ हा जुन्या लष्करी विमानांबद्दल वर कोणीतरी मांडलेला मुद्दा काही पटला नाही. निमरॉडचं नेमकं हेच झालं. २ सप्टेंबर २००६ ला ब्रिटिश हवाई दलाचं हे विमान हवेतच इंधन भरून घेतल्यावर काही मिनिटांत कंदाहारजवळ पेटलं, १४ जण गेले. इंजिनाची गरम हवा नेणारी नळी आणि इंधन शेजारी-शेजारी, ही रचना कित्येक वर्षं तशीच! या अपघाताच्या चौकशीच्या २००९ च्या हॅडन-केव्ह अहवालाने सुरक्षेच्या फायलीलाही (विमान सुरक्षित आहे हे दाखवणारी कागदपत्रं) झोडपलं: विमान सुरक्षितच असणार असं धरून ती भरली, बरेच धोके नीट न तपासता सोडले.

मी कुपवाड एमआयडीसीत क्वालिटीला आहे. ऑडिटच्या आदल्या रात्री भरलेली चेकशीट लगेच ओळखू येते; एकच पेन, एकच अक्षर, वरपासून खालपर्यंत ‘ओके’. पंपाच्या केसिंगला ते चालून जातं म्हणा, विमानाला नाही.

इंजिनिअरचा अंदाज लागतोच, प्रत्येक तडा गणितात बसत नाही. पण तो कशावरून बांधला ते लिहा, आणि सही करणाऱ्याला ‘नाही’ म्हणता आलं पाहिजे. आपल्याकडे लष्करी विमानांना उड्डाणयोग्यतेचा दाखला देणारी सेमिलॅक ही संस्था डीआरडीओचीच (संरक्षण संशोधन संस्था), आणि बरीच डिझाइनंही डीआरडीओचीच. यावर कोणी बोलेल का?