मदत हवी आहे: तीन महिन्यांची लेक आणि हेडफोन लावून करायचं काम

नमस्कार मंडळी,

मी घरून सबटायटलिंगचं काम करते, फ्रीलान्स. बाळंतपणासाठी थांबवलेलं काम आता पुन्हा सुरू करायचंय. आपल्याला पगारी रजा कुठली! बचतीवर किती काळ काढणार, हा प्रश्न आहेच. शिवाय खरं सांगायचं तर मला कामाशिवाय करमत नाही.

अडचण अशी, की हे काम बाहेरून वाटतं तसं तुकड्यातुकड्यांत होत नाही. संवाद ऐकायचा, नेमक्या क्षणी ओळ पडद्यावर आणायची, वाचून होईपर्यंत ठेवायची, वेळेत बसत नसेल तर वाक्य छाटायचं. मध्येच उठलं की कोण कुणावर कशावरून चिडलं होतं इथपासून पुन्हा ऐकावं लागतं. आणि लेकीची दिवसाची झोप जेमतेम अर्धा-पाऊण तास. लय लागते न लागते तोच चुळबुळ सुरू. एक कान उघडा ठेवला तर पुटपुटलेले संवाद निसटतात, दोन्ही झाकले तर ती रडतेय असा भास होतो. (हे फक्त मलाच होतं का?)

नवरा सकाळी जातो तो संध्याकाळीच उगवतो. सासूबाई नातीचं खूप प्रेमाने करतात, पण 'घरातच तर आहे' म्हणून दर थोड्या वेळाने दार उघडतं. "अगं, भूक लागलीय वाटतं हिला." भूक नसतेच.

आता जुन्या एजन्सीने एका मालिकेचं काम देऊ केलंय. दर आठवड्याला दोन भाग, फाइल मिळाल्यापासून दोन दिवसांत परत. हो म्हणू का? बाळाचं त्यांना सांगावं का? रात्री जागून काम करणं कुणाला झेपलंय का?

'बाळ झोपलं की तूही झोप' हा सल्ला भरपूर मिळालाय. तो सोडून काहीही सांगा.

निळी_शाई
अभिनंदन गं! मी अनुवाद करते, दोन्ही मुलं याच धंद्यात वाढली. पहिली गोष्ट, बाळाच्या झोपेच्या भरवशावर तारीख कबूल करायची नाही. या वयात झोपेचं एक चक्र साधारण पाऊण-एक तासाचं असतं आणि ते संपलं की बरीच बाळं जागी होतात. तुझी लेक काही जगावेगळं करत नाहीये. दिवसाची झोप बहुतेकांची पाच-सहा महिन्यांनंतर लांबते.

त्या अर्ध्या तासात फक्त किरकोळ कामं उरकायची: बिलं, ईमेल, नावांची यादी, झालेल्या फाइलवर शेवटची नजर. डोक्याचं काम मात्र बाळ दुसऱ्याच्या हातात असेल तेव्हाच. पाजून झाल्या झाल्या तिला सासूबाईंकडे सोपवायचं आणि सरळ टेबलाशी बसायचं. पोट भरलेलं आहे हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं, त्यामुळे 'भूक लागलीय' हे कारण निदान पहिला तासभर तरी चालत नाही. :)

मालिका घे, पण एक भाग आणि चार दिवस माग. एजन्सीला बाळाची गोष्ट नको असते, तारीख हवी असते. सांगायचं की नाही ते तुझ्या मनावर.

रातकिडा
इथे बाबा-प्रतिनिधी. रात्रीच्या कामाचं विचारलंत म्हणून सांगतो: एखाद्या दिवशी अडलं तर ठीक, रोजचा रतीब लावू नका. रात्री पाजायला उठायचं तर असतंच, त्यात उरलेली झोप कामाला दिली की दुसऱ्या दिवशी फाइलमध्ये चुकाच सापडतात.

त्यापेक्षा संध्याकाळचे दोन तास पूर्णपणे नवऱ्याच्या नावावर करा. 'जरा मदत कर' असं म्हणू नका, ते तास त्याचेच. आम्ही काढलेलं दूध वापरायचो. ताजं काढलेलं दूध २५ अंशांपर्यंतच्या खोलीत ४ तास, फ्रीजमध्ये ४ दिवस चालतं. फ्रीजच्या दारात नको, आत मागच्या बाजूला ठेवा. आणि एकदा गरम केलं की २ तासांच्या आत संपवा. त्या वेळात बाळ रडलं तरी तुम्ही बाहेर यायचं नाही, ही अट सगळ्यात कठीण. बायकोला पहिला आठवडा फार जड गेला होता.

सावरीचा_कापूस
थोडं वेगळं मत. चौथ्या महिन्याच्या सुमारास बऱ्याच बाळांची बसलेली झोपेची घडी पुन्हा विस्कटते, तेव्हा आत्ताच्या वेळापत्रकावर सहा महिन्यांचा करार करू नका. आधी एका महिन्यापुरतं बोला. पुढे आठ-नऊ महिन्यांची झाली की आई नजरेआड होताच भोकाड पसरेल ते वेगळंच.

टिकटिक
भास मलाही व्हायचे, अगदी नळाच्या आवाजातही रडणं ऐकू यायचं. दिवेवाला बेबी मॉनिटर घे. बाळाच्या खोलीत आवाज वाढला की त्यावरचे दिवे एकेक करून पेटतात. स्क्रीनशेजारी ठेवायचा आणि दोन्ही कान खुशाल झाकायचे. दिवा नाही, म्हणजे रडणं नाही!

(धागाकर्ती)
सगळ्यांचे मनापासून आभार! एजन्सीकडे एक भाग आणि चार दिवस मागितले. एक भाग मान्य, दिवस मात्र तीनच मिळाले. महिन्याभराने पुन्हा बोलायचं ठरलंय. नवऱ्याने संध्याकाळ घेतलीय. काढलेलं दूध लेक अजून त्याच्याकडून प्यायला तयार नाही, मी आसपास असले तर मुळीच नाही, म्हणून तेवढा वेळ लॅपटॉप घेऊन गच्चीत बसते.

टिकटिक, मॉनिटर आणला. पण सासूबाई अंगाई म्हणायला लागल्या की सगळे दिवे लाल होतात आणि मी धावत जाते. याची संवेदनशीलता कमी कुठून करायची?