आंबट खाण्याचा आणि युरिक ॲसिडचा संबंध

काही जण सांगतात की गाऊट (रक्तात युरिक ॲसिड वाढून सांधे सुजण्याचा आजार) असेल तर लिंबू बंद करा, त्याने रक्त आम्लीय होतं. तसं होत नाही. रक्ताचा पीएच (आम्लता दाखवणारा आकडा) ७.३५ ते ७.४५ मध्येच राहतो, ते काम फुप्फुसं आणि मूत्रपिंडं करतात. उलट लिंबातलं सायट्रेट पचल्यावर लघवीची आम्लता कमी करतं आणि तशा लघवीत युरिक ॲसिड जास्त विरघळतं.

माझ्या वडिलांचा अंगठा रात्री दोनला असा सुजायचा की चादरीचा स्पर्शही सहन व्हायचा नाही. अंगठाच का? तिथे शरीर थोडं थंड असतं, आणि थंडाव्यात युरेटचे (म्हणजे युरिक ॲसिडच्या क्षाराचे) स्फटिक लवकर बनतात. आम्ही घाबरून त्यांची तूरडाळ बंद केली होती, त्याचं अजून वाईट वाटतं. डाळींतल्या प्युरिनने (शरीरात ज्याचं युरिक ॲसिड बनतं त्या घटकाने) गाऊट वाढल्याचं दिसत नाही. खरी काळजी घ्यायची ती कलेजी, तारली, बिअर आणि गोड कोल्ड्रिंकची (फ्रुक्टोजमुळेही युरिक ॲसिड वाढतं).

आणखी एक, ऐन दुखण्यात काढलेला युरिक ॲसिडचा रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो. दोन-तीन आठवड्यांनी परत तपासा. युरिक ॲसिड ६ mg/dL च्या खाली ठेवायचं असतं. पथ्यावर भागलं नाही तर ते कमी करणारी गोळी घ्यावी लागते, ती मनाने सोडू नका.