मदत हवी आहे: इंग्रजी चित्रपटाचं नाव सांगा (शेवट सांगू नका)

पारिजात
शनिवारच्या आत नाव हवंय, प्लीज. परवा रात्री टीव्हीवर मधूनच बघायला लागले आणि ऐन रंगात आला असताना वीज गेली. मुलगा मैत्रिणीला आईवडिलांकडे घेऊन येतो. वडील समोर येतात, तिला बघतात आणि भलत्याच नावाने हाक मारतात. तिचा चेहरा खाडकन उतरतो. ती म्हणते, ते माझ्या आईचं नाव. पण ती खोटं बोलतेय हे कळतं. त्यापुढचं मिळालं नाही. आईबाबांच्या लग्नाच्या वाढदिवसाला घरी लावायचाय. गुगल करून झालंय, तो सल्ला नको.

भटक्या_मी
नट कोण? साधारण कधीचा? खोटं बोलतेय हे कशावरून कळलं? भूतबित आहे का त्यात?

पारिजात
भूत नाही हो, प्रेमकथा आहे. ती तरुण आहे, पण तिची मुलगी म्हातारी आहे. नवा वाटत होता.

मी_सातारकर
बेंजामिन बटन. डोळे झाकून सांगतो. ब्रॅड पिट म्हातारा जन्माला येतो आणि तरुण होत जातो. २००८ चा. यापेक्षा भारी सिनेमा या विषयावर झालेला नाही.

पारिजात
ब्रॅड पिट असता तर मी लिहिलं नसतं का? बाईची गोष्ट आहे.

डेट्रॉईटकर
नाव काही का असेना, वाढदिवसाला लावायचाच असेल तर 'समवेअर इन टाइम' लावा. १९८० चा, ख्रिस्तोफर रीव्ह आणि जेन सीमोर. एक म्हातारी बाई तरुण लेखकाच्या हातात खिशातलं घड्याळ ठेवते आणि परत ये म्हणते. तो तिच्यासाठी १९१२ सालात जातो. बरंचसं चित्रीकरण मिशिगनच्या मॅकिनॅक बेटावर, ग्रँड हॉटेलमध्ये झालंय. आम्ही दर उन्हाळ्यात जातो. बेटावर मोटारींना बंदी, घोडागाड्या आणि सायकली फक्त. हॉटेलचा व्हरांडा ६६० फूट लांब आहे. तिथे बसलं की १९१२ फार लांब वाटत नाही.

भटक्या_मी
त्यांनी नाव विचारलंय, सहलीचा बेत नाही.

खगोलवेडा
पारिजात, एकच सांगा. वडिलांच्या बोलण्यात धूमकेतू येतो का?

पारिजात
हो!! धूमकेतू! हॅरिसन फोर्ड आहे ना तो, त्याच्याच तोंडी आहे.

भटक्या_मी
अहो ताई, हॅरिसन फोर्ड पहिल्या ओळीत लिहायचा ना!

खगोलवेडा
'द एज ऑफ अ‍ॅडलाइन', २०१५. नायिका ब्लेक लाइव्हली, मुलीच्या भूमिकेत एलन बर्स्टिन. फोर्ड त्यात खगोलशास्त्रज्ञ आहे, धूमकेतूला त्याने तिचंच लाडाचं नाव दिलेलं असतं. तरुण फोर्ड झालेला अँथनी इंग्रुबर नीट ऐका. यूट्यूबवर फोर्डच्या नकला करायचा, त्यावरूनच त्याला घेतलं. आवाजात फरक करता येत नाही.

मी_सातारकर
पाहिलाय. १९०८ ची बाई, १९३७ साली गाडी गारेगार पाण्यात पडते, ती गारठते, वर वीज कोसळते आणि वय २९ वरच थांबतं. पटत नाही. शेवटी तर ती...
[शेवट उघड होत असल्याने पुढच्या दोन ओळी काढल्या आहेत. – संपादक]

डॉ_निशिगंध
कारण म्हणून निवेदक डीएनएचा एक नियम सांगतो, जो म्हणे २०३५ साली सापडणार आहे. तो सोडून द्या. पण थंडीचा भाग अगदीच हवेतला नाही. शरीर गारठलं की हृदय मंदावतं आणि मेंदूची ऑक्सिजनची गरजही घटते. म्हणून गारठून बेशुद्ध झालेल्या माणसाला ऊब दिल्याशिवाय मृत ठरवत नाहीत. हिमालयात ट्रेकला जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा: ओले कपडे आधी काढा, हातपाय चोळू नका, दारू तर अजिबात देऊ नका.

कोकणमेवा
आपल्याकडे रेवतीची गोष्ट आहेच की. ककुद्मी राजा मुलीसाठी वर विचारायला ब्रह्मलोकी जातो. तिथे गाणं चाललेलं, ते संपेपर्यंत थांबतो. तेवढ्यात पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगं होऊन जातात. मनात योजलेले सगळे वर, त्यांची नातवंडं, सगळे गेलेले. मग तिचं लग्न बलरामाशी लागतं. ती त्याच्याहून खूप उंच, म्हणून तो नांगराने तिला खाली ओढून आपल्याएवढी करतो. यावर मराठीत सिनेमा का होत नाही?

मी_सातारकर
ययाति घ्या मग. बापाने मुलाचं तारुण्य मागून घेतलं.

अनुताई
पारिजात, जरा थांब. त्या सिनेमात मुलगा तिला घरी आणतो तोच मुळी आईवडिलांच्या लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला. त्या आईकडे बघ. चाळीस वर्षं संसार केलेली बाई, आणि नवरा सगळ्यांसमोर जुन्या प्रेमाच्या आठवणीत रमतो. तुझ्या आईला त्या दिवशी हे बघायला आवडेल का, याचा विचार कर.

डेट्रॉईटकर
म्हणूनच तर मी 'समवेअर इन टाइम' म्हणतोय.

खगोलवेडा
अनुताई, असहमत. तो बायकोला काय सांगतो ते ऐकलंत का? त्या संसाराला सिनेमा खोटा ठरवत नाही. दुःखी अ‍ॅडलाइन आहे, तिला कोणाबरोबर म्हातारं होता येत नाही. पाळलेल्या कुत्र्यांच्या फोटोंचा अल्बम बघताना मला हे जास्त कळलं. सारख्याच जातीचे कुत्रे, एकामागून एक गेलेले, आणि ती तशीच.

पारिजात
खगोलवेडा, मनापासून आभार. काल रात्री एकटीने सगळा बघितला. फोर्डने पूर्वी तिच्या हातावर घातलेल्या टाक्यांचा व्रण त्याला दिसतो, तिथे रडले. अनुताई, तुमचं म्हणणं खरं आहे, ती आई मलाही लागली. तरी हाच लावणार. दोघांचे केस पांढरे झालेत, बाबा गुडघ्यामुळे जिना चढत नाहीत, आणि आई रोज त्यांच्या आधी उठून त्यांच्या गोळ्या काढून ठेवते. अ‍ॅडलाइनला जे मिळत नाही ते या दोघांकडे आहे, हे त्यांना दिसायला हवं. आता एवढंच सांगा, आईला इंग्रजी उच्चार कळत नाहीत. हिंदी डबिंग कुठे मिळेल का?

भटक्या_मी
कोणत्या ॲपवर बघितला? टीव्ही स्मार्ट आहे की साधा?