मदत हवी आहे: जोडीचा दुसरा कॅमेरा, खिशात मावणारा कॉम्पॅक्ट घ्यावा की छोटा मिररलेस?

नमस्कार मंडळी,

दोन महिने वाचन करून, व्हिडिओ बघून डोकं भणाणलंय, म्हणून धागा काढतेय. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं.

आमचा हौशी नाट्यगट आहे. गेली सहा वर्षं सगळ्या रंगीत तालमींचे आणि प्रयोगांचे फोटो मीच काढते. पैसे घेत नाही, पण काम जीव ओतून करते, कारण प्रयोग संपल्यावर त्याचं मागे उरतं ते एवढंच. मागे एका प्रयोगात दुसरा अंक सुरू होताना माझ्याच पायात पट्टा अडकला आणि कॅमेरा खुर्चीवरून खाली आपटला. उचलून डोळ्याला लावला तर व्ह्यूफाइंडरमध्ये मिट्ट काळोख. आतला आरसा वरच अडकून बसला होता. उरलेला सगळा अंक फोनवर काढला. स्पॉटमधले चेहरे पांढरेफटक आले. शेवटच्या प्रवेशात आई मुलीच्या तोंडावरून हात फिरवते, तिथे फोनने चार-पाच फ्रेम एकात एक मिसळल्या आणि नेमका तो हातच पुसला गेला. तो क्षण त्या दोघींनी पुन्हा तसा कधी केला नाही. मला त्याची फार रुखरुख लागून राहिलीय.

कॅमेरा दुरुस्त होऊन आला आहे, व्यवस्थित चालतोय. पण आता एकाच कॅमेऱ्यावर विसंबून जायची हिंमत होत नाही.

सध्याचं सामान: निकॉन डी७५०, ७०-२०० मिमी एफ २.८ आणि ८५ मिमी एफ १.८ (दोन्ही एएफ-एस, म्हणजे फोकसची मोटर लेन्समध्येच), शिवाय एक जुनी ५० एफ १.८ डी. रंगमंचावर माझं गणित बहुतेक वेळा एफ २.८ (ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक; आकडा लहान तितका प्रकाश जास्त), शटर १/२५० सेकंद, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ३२०० असं असतं.

पर्याय दोन डोक्यात आहेत. एक, सोनी आरएक्स१०० मार्क ७. एक इंची सेन्सर, २४-२०० मिमीचा झूम आणि वजन ३०२ ग्रॅम. दुसरा, निकॉन झेड५० (मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला पण लेन्स बदलता येणारा) आणि सोबत एफटीझेड ॲडाप्टर, म्हणजे आहेत त्याच लेन्स वापरता येतील. माझ्या ऐपतीत दोन्ही बसतात, पण यातला एकच.

खरं सांगायचं तर मन कॉम्पॅक्टकडे ओढ घेतं. डी७५० आणि ७०-२०० मिळून जवळपास २.४ किलो होतात, त्यामुळे तालीम-प्रयोग सोडून कॅमेरा घराबाहेर पडतच नाही. मेकअप रूममध्ये एखादी जण आरशासमोर श्वास रोखून भुवई रेखत असते, विंगेत कुणीतरी डोळे मिटून वाक्यं पुटपुटत उभा असतो. हे फोटो मला हवेत, पण मोठी लेन्स दिसली की माणसं सावरून बसतात. छोटा कॅमेरा असता तर, असं दर वेळी वाटतं. आणि २०० मिमीपर्यंत झूम आहे म्हटल्यावर वेळ पडली तर प्रयोगही निभावेल ना?

तुमचं मत काय? आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद १

मिररलेस. लेन्स हातात असताना दुसरा विचारच करू नका. माझा भाऊ लग्नाचे फोटो काढतो, त्याचं एकच सांगणं असतं: जोडीचा कॅमेरा असा हवा की पहिला बंद पडला तरी लेन्स काढून त्यावर चढवता आली पाहिजे.

प्रतिसाद २

ताई, तुमच्या प्रश्नात दोन गरजा एकमेकींत मिसळल्यात असं मला वाटतं. एक, मुख्य कॅमेरा पडला तर त्याच मिनिटाला त्याची जागा घेणारा. दुसरी, मुख्य कॅमेरा जिथे नेता येत नाही तिथे जाणारा. पहिला पिशवीत झोपून राहतो आणि एखाद्या दिवशी लाज राखतो. दुसरा रोज हातात असतो. तुमची रुखरुख पहिल्या गरजेची आहे आणि ओढ दुसऱ्या गरजेची.

आता "प्रयोग निभावेल का" याचं उत्तर. 'एक इंच' हे जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यांतल्या काचेच्या नळीच्या बाहेरच्या व्यासावरून आलेलं नाव आहे. प्रत्यक्षात तो सेन्सर १३.२ × ८.८ मिमी असतो. डी७५०चा सेन्सर क्षेत्रफळाने त्याच्या सातपटीहून मोठा आहे. शिवाय त्या कॉम्पॅक्टची लेन्स २०० मिमीला पोचेपर्यंत एफ ४.५ झालेली असते, म्हणजे एफ २.८च्या तुलनेत प्रकाश अडीच पटीने कमी. दोन्हींचा गुणाकार केलात तर तुमच्या ७०-२००च्या मानाने एका फोटोत साधारण एकोणिसावा हिस्सा प्रकाश गोळा होतो. तो सेन्सर तुमच्या कॅमेऱ्यापेक्षा नवा असल्याने थोडी भरपाई होईल, पण एकोणीस पटींची नाही.

झेड५०चा सेन्सर एपीएस-सी आहे, म्हणजे डी७५०पेक्षा लहान पण एक इंचीपेक्षा बराच मोठा. लेन्स तुमचीच, एफ २.८चीच. तिथे फरक साधारण सव्वादोन पटींचा, म्हणजे एका स्टॉपपेक्षा (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) थोडा जास्त.

माझ्या आकड्यांवर जाऊ नका, घरी करून बघा, त्यासाठी काहीच विकत घ्यावं लागत नाही. अंधाऱ्या खोलीत एका दिव्यासमोर कुणालातरी बसवा. नेहमीच्या सेटिंगवर नीट उजेड येईल इतका दिवा लांब ठेवा आणि पहिला फोटो घ्या. मग शटर न बदलता एफ ४.५ आणि आयएसओ ८०००, हा तुमचा झेड५०. मग एफ ११ आणि आयएसओ ५१२०० (डी७५०मध्ये 'हाय २'), हा कॉम्पॅक्ट, पूर्ण झूम केलेला. पार्श्वभूमी किती धूसर होते तेही यात जवळपास तसंच दिसेल. ॲपर्चर मुद्दाम बदलायला सांगतोय ते त्यासाठीच.

आणि एक करा. मागच्या दोन-तीन प्रयोगांतले जे फोटो तुम्ही निवडून गटाला दिलेत, ते किती मिमीवर काढलेत ते फाइलच्या माहितीत पाहा. आपल्याला वाटतं आपण सगळं २००ला काढतो. बहुतेकदा तसं नसतं.

धागाकर्ती

मनापासून आभार. काल रात्री बहिणीला दिव्यासमोर बसवून तिन्ही फोटो काढले.

पहिल्यात आणि दुसऱ्यात फरक आहे, पण तो शोधावा लागतो. गालावर थोडे दाणे, सावलीत थोडे जास्त. पापण्या मोजता येतात. तिसरा फोटो मोठा करून पाहिला आणि गप्पच झाले. भुवईचे केस जाऊन तिथे तपकिरी पट्टा राहिला होता. डोळ्यातला दिव्याचा ठिपका, ज्याने चेहरा जिवंत वाटतो, तो आजूबाजूच्या रंगीत दाण्यांत हरवला होता. मागचं कपाट एफ ११मुळे स्वच्छ दिसत होतं, कडीकोयंड्यासकट. रंगमंचावर तिथे नेपथ्याच्या फळ्या आणि पडद्याच्या चुण्या दिसतील, आणि नट त्यांत मिसळून जाईल.

दुसरं काम पण केलं. गेल्या तीन प्रयोगांतले निवडलेले ११६ फोटो तपासले. त्यातले ७१ फोटो ७० ते १३५ मिमीच्या मधले निघाले, आणि २००चे फक्त १४. सहा वर्षांत हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. म्हणजे झेड५०वर ८५ एफ १.८ लावली की लहान सेन्सरमुळे साधारण १२७ मिमीइतकी चौकट मिळेल, आणि माझे बरेचसे फोटो तेवढ्यातच बसतात.

प्रतिसाद ३

सगळे मिररलेस म्हणतायत म्हणून कॉम्पॅक्टच्या बाजूने बोलतो. माझ्याकडे तीन वर्षं रिको जीआर ३ आहे. त्यात झूम नाही, व्ह्यूफाइंडर नाही, फ्लॅश नाही. २८ मिमीची एकच लेन्स, पण सेन्सर एपीएस-सी, म्हणजे झेड५०इतकाच मोठा, आणि वजन २५७ ग्रॅम. शर्टाच्या खिशातून एका हाताने काढायचा, अंगठ्याने चालू करायचा, फोटो घ्यायचा. शटर लेन्समध्येच असल्याने आवाज जवळजवळ नाहीच. तुम्ही लिहिलेला मेकअप रूममधला फोटो हा कॅमेरा जसा काढेल तसा तुमचा ७०-२०० काढू शकणार नाही, कारण त्या खोलीत तुम्ही मोठा कॅमेरा घेऊन शिरलात की ती खोली तशी राहतच नाही.

दोष पण सांगतो. बॅटरी एका चार्जमध्ये जेमतेम २०० फोटो, दुसरी बॅटरी खिशात हवीच. आणि लेन्स आत-बाहेर करताना धूळ आत जाऊ शकते. बसली की घरी साफ करता येत नाही, कारण लेन्स निघत नाही. किल्ल्या, नाणी, रुमालाचे धागे असलेल्या खिशात टाकू नका.

प्रयोगासाठी मात्र हा नाही. पाचव्या रांगेतून २८ मिमीवर अख्खा रंगमंच दिसेल आणि माणसं अंगठ्याएवढी.

प्रतिसाद ४

प्रतिसाद २शी सहमत. थोडी व्यवहारातली भर.

एफटीझेडवर तुमच्या दोन्ही एएफ-एस लेन्स पूर्ण चालतील, ऑटोफोकससकट. ५० एफ १.८ डी मात्र हाताने फोकस करावी लागेल. त्या जुन्या लेन्सचा फोकस कॅमेऱ्यातल्या मोटरने फिरतो आणि ॲडाप्टरमध्ये मोटर नाही.

झेड५०ची बॅटरी वेगळी आहे, डी७५०ची तिला चालणार नाही. कार्डही एकच बसतं. या दोन गोष्टी खटकत असतील तर झेड५ बघा: पूर्ण फ्रेम (डी७५०एवढाच सेन्सर), दोन एसडी कार्डं आणि डी७५०च्याच घराण्यातली बॅटरी. तुमच्या जुन्या बॅटऱ्याही त्यात चालतील, फक्त चार्ज थोडा कमी पुरेल. वजन मात्र कार्ड-बॅटरीसकट ६७५ ग्रॅम, झेड५० साधारण ४५०. अडचणीच्या वेळी एकाची बॅटरी काढून दुसऱ्यात घालता येणं किती मोलाचं असतं ते प्रयोगाच्या मध्येच कळतं.

'मिररलेस म्हणजे बिनआवाजी' असं गृहीत धरू नका. आवाज पूर्ण बंद केला की इलेक्ट्रॉनिक शटर चालतं. ते सेन्सर वरून खाली ओळीओळीने वाचतं, आणि एलईडी दिवे डोळ्याला न कळण्याइतक्या वेगाने लुकलुकत असतील तर फोटोवर आडवे काळे पट्टे उमटतात. जुन्या पिवळ्या हॅलोजनखाली सहसा त्रास होत नाही. तुमच्या रंगमंचावर कुठले दिवे आहेत?

आणि दोन्ही कॅमेऱ्यांची घड्याळं जुळवून ठेवा, नाहीतर नंतर फोटो क्रमाने लावताना तिसरा अंक पहिल्याच्या आधी येतो. मी यात एक अख्खा रविवार घालवलाय.

धागाकर्ती

दिवे मिश्र आहेत. समोरचे स्पॉट हॅलोजन, मागची रंगीत पट्टी एलईडी. म्हणजे पट्ट्यांचा धोका आहेच. मेकॅनिकल शटर ठेवलं तरी डी७५०च्या आरशाच्या खटक्यापेक्षा आवाज कमीच असेल ना? आमच्या एका नाटकात दोन मिनिटं पूर्ण शांतता आहे. तिथे मी सहा वर्षांत एकही फोटो काढलेला नाही.

प्रतिसाद ४

कमी असतो, पण ऐकू येतो. त्या दोन मिनिटांपुरतं इलेक्ट्रॉनिक शटर वापरा आणि वेग १/५० किंवा १/१००वर आणून पाहा. दिवे विजेच्या लयीत लुकलुकत असतील तर पट्टे बरेच कमी होतात. शांत प्रवेशात माणसं फारशी हलतही नसतील. पण तो वेग तालमीतच पारखून घ्या, प्रयोगात नाही.

धागाकर्ती

ठरवलं, मिररलेसच घेणार. झेड५० की झेड५ एवढंच उरलंय, आणि बॅटरीचा मुद्दा वाचल्यापासून मन झेड५कडे झुकलंय. खिशातल्या कॅमेऱ्याची इच्छा मेलेली नाही. प्रतिसाद ३ मी तीनदा वाचलाय आणि जीआर ३ नाव वहीत लिहून ठेवलंय. पण तो जोडीचा कॅमेरा म्हणून घेणार नाही, त्याच्या स्वतःच्या कामासाठी घेईन, पुढे कधीतरी. तोवर मेकअप रूममध्ये डी७५०वर ५०ची जुनी लेन्स लावून जाईन, ७०-२०० बाहेरच ठेवून. ती जेमतेम दीडशे ग्रॅमची आहे, कॅमेरा बराच लहान दिसतो.

गटातल्या एकाच्या मामेबहिणीकडे झेड५ आहे आणि ती गुरुवारच्या तालमीला एफटीझेडसकट घेऊन येणार आहे. दोन मिनिटांच्या शांततेचा प्रवेश त्या दिवशी दोनदा करायला दिग्दर्शकाने होकार दिलाय: एकदा १/५०ला, एकदा १/१००ला. एलईडीच्या निळ्या पट्टीखाली काय उमटतं ते इथेच सांगते.