मदत हवी आहे: योहान ६ मधली "जीवनाची भाकर" तरुणांना कशी समजवायची?

नमस्कार मंडळी, रविवारी तरुणांच्या बायबल स्टडीत योहान ६ वा अध्याय घ्यायचाय आणि मी जरा अडकलोय. येशूचा चमत्कार, म्हणजे जवाच्या ५ भाकरी, २ मासे, त्यात ५००० पुरुष जेवले, १२ टोपल्या उरल्या, इथपर्यंत ठीक, पोरांना ते पाठच आहे. पण ३५ व्या वचनात येशू म्हणतो की मीच जीवनाची भाकर आहे, माझ्याकडे येणाऱ्याला कधीच भूक लागणार नाही, आणि इकडे प्रभूच्या प्रार्थनेत तर आपण रोजची भाकर मागतो, मान्ना (रानात इस्राएल लोकांना देवाने दिलेलं अन्न) पण दुसऱ्या दिवसासाठी ठेवला की किडे पडायचे (शब्बाथाचा, म्हणजे विसाव्याच्या दिवसाचा सोडून), मग भूक एकदाच भागते की रोज रोज खावं लागतं? एकीने हेच विचारलं, वर म्हणाली मला प्रार्थनेत कोरडं का वाटतं मग. प्रश्न रास्त आहे, "विश्वास कमी पडतो" असलं उत्तर मला द्यायचं नाहीये.

दुसरं म्हणजे ५३ पासून पुढे मांस खाणं, रक्त पिणं येतं ते प्रभूभोजनाबद्दल (चर्चमध्ये भाकर आणि द्राक्षारस घेतात त्या विधीबद्दल) घ्यायचं की विश्वास ठेवण्याबद्दल? कॅथलिक आणि प्रोटेस्टंट दोन्ही घरची मुलं आहेत, वाद नकोय. कोणी हा भाग शिकवलाय का, सुरुवात कुठून केलीत?