मदत हवी आहे – रोमानियातलं विस्क्री गाव, बुनेश्टी कम्यून

नमस्कार मंडळी, मे महिन्यात आईबाबांना घेऊन ट्रान्सिल्व्हेनियात जायचं चाललंय, ब्राशोव आणि सिगिशोआराच्या मधे विस्क्री म्हणून गाव आहे तिथे दोन रात्री राहायचंय. पत्त्यात मात्र बुनेश्टी लिहिलंय कारण विस्क्री, क्रित्स, मेशेनडॉर्फ, रोआदेश आणि खुद्द बुनेश्टी अशी पाच गावं मिळून एक कम्यून आहे, आपल्या गट ग्रामपंचायतीसारखंच. आता गंमत अशी की सुचावा जिल्ह्यातही एक बुनेश्टी आहे आणि मॅप बिनधास्त तिकडे नेतो, तेव्हा जाणाऱ्यांनी ब्राशोव जिल्हा बघूनच टाका!

तिथलं सॅक्सन लोकांचं (म्हणजे पूर्वी तिथे वसलेल्या जर्मन लोकांचं) तटबंदीवालं चर्च १९९९ पासून युनेस्कोच्या यादीत आहे, आणि संध्याकाळी गाई चरून आल्या की ज्या त्या आपापल्या दारात वळतात म्हणे, बाबांना चर्चपेक्षा तेच बघायचंय 😄

कोणी गेलंय का? गाडी चालवायची नाहीये, ट्रेनने रुपेआला उतरलं तर पुढे टॅक्सी मिळते का की घरमालकालाच सांगावं लागतं? आणि आई शुद्ध शाकाहारी, अंडंही नाही, तर घरगुती जेवणात काय सांगायचं? कार्ड चालतं का रोख लेई लागतात तेही सांगा प्लीज.