अथेन्समध्ये पाटी नसलेली, जुनी, स्वस्त तावेर्ना (ग्रीक खानावळ): कोणी गेलंय का?

पहिलीच_ट्रिप: पुढच्या महिन्यात आईबाबांना घेऊन अथेन्सला जातेय, चारच दिवस आहेत. प्लाका या टूरिस्टांच्या भागात दारात उभं राहून आत बोलावणारे वेटर आणि फोटोवाली मेनूकार्डं असतात म्हणे, तसलं नकोय. तिथली माणसं रोज जिथे जेवतात तशी घरगुती, खिशाला परवडणारी जागा हवीय. आई मासे खाते पण बाबा पक्के शाकाहारी, दूध-चीज चालतं, अंडं नाही. त्यांना चार दिवस नुसत्या सॅलडवर ठेवायचं माझ्या जिवावर आलंय. प्लीज सांगा.

रिकामी_बॅग: ताई, दिपोर्तोला जाच. मोनास्तिराकीकडून ओमोनियाकडे जाणाऱ्या अथिनास रस्त्यावर वार्वाकिओस हे मोठं मटण-मासळी मार्केट आहे, त्याच्या जवळच सोक्रातूस आणि थिआत्रू या गल्ल्यांच्या कोपऱ्यावर तळघरात आहे ते. १८८७ पासूनचं, पाटी नाही, खाली उतरायला दोन दारं म्हणून नाव दिपोर्तो. मी दोनदा समोरून गेलो तरी कळलं नाही, मला वाटलं गोडाऊन आहे, मग पायऱ्यांखालून उकडलेल्या चण्यांचा वास आला तेव्हा उतरलो. भिंतीला लागून वाइनची मोठमोठी पिंपं, टेबलावर कागद अंथरलेला, आणि जागा असेल तिथे अनोळखी माणसांशेजारी बसवतात. माझ्या शेजारी मार्केटमधला खाटीक एप्रनसकट बसला होता, त्याने न विचारता पाव माझ्याकडे सरकवला. मेनूकार्ड नाही, जे शिजलंय ते खायचं. रेविथिया म्हणजे छोल्यांचं सूप, त्यात मसाला काहीच नाही पण दाणा जिभेने दाबला तरी विरघळतो, वर ऑलिव्ह तेलाचा पिवळा थर, लिंबू पिळायचं आणि पाव बुडवत राहायचं. मी अजून विसरलो नाहीये ते. फक्त दुपारीच जा आणि रविवार टाळा. आणि बाबांना मार्केटच्या आतून नेऊ नका, सगळीकडे मटण लटकलेलं असतं, बाहेरून वळसा घालून न्या.

ऑलिव्हचं_झाड: दिपोर्तो मस्तच पण एकाच जागेवर अडून बसू नका. कुठल्याही जुन्या तावेर्नात 'लादेरा' विचारा, म्हणजे ऑलिव्ह तेलात मंद शिजवलेल्या भाज्या, भेंडी, फरसबी, वांगी वगैरे. शिवाय फावा (पिवळ्या डाळीचं घट्ट वाटण, वर कच्चा कांदा), गीगांतेस म्हणजे टोमॅटोत भाजलेल्या घेवड्याच्या मोठ्या पांढऱ्या बिया, आणि होर्ता, उकडलेली रानभाजी तेल-लिंबू घालून. बाबांचं पोट भरेल, काळजी करू नका. वेटरला 'नीस्तीसिमो' म्हणा, उपासाचं, मांस-दूध-अंडं काही नसतं त्यात.

बेटांवरून: वरच्या उत्तरात एक जपायला हवं. तिथल्या ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांच्या उपासात ऑक्टोपस, माकुल, कोळंबी चालतात, रक्त नसलेले प्राणी म्हणून. माझ्या सासूबाईंच्या पुढ्यात 'उपासाचं' म्हणून माकुल आलं होतं, बिचाऱ्या तशाच उठल्या. त्यामुळे 'होरीस क्रेआस, होरीस प्सारी, होरीस थालासिना' म्हणा, म्हणजे मांस नको, मासे नको, समुद्रातलं काहीच नको. येमिस्ता (भात भरलेले टोमॅटो-ढोबळी मिरची) मागवताना खिमा नाही ना हे विचारा, दोन्ही प्रकारे करतात.

आईंसाठी पण एक. ताजा मासा बहुतेक किलोच्या भावाने असतो, मेनूवर दिसतो तो भाव आख्ख्या प्लेटचा नसतो. एका बेटावर आम्ही न विचारता मोठा मासा मागवला आणि बिल बघून नवरा गप्पच झाला. समोर वजन करून घ्या, किती युरो होतील ते आधीच विचारा. किंवा छोटे तळलेले मासे घ्या, स्वस्त पडतात आणि चवीला कुठेच कमी नाहीत. पाव न मागता येतो आणि त्याचे थोडे पैसे लागतात, ती फसवणूक नाही, तिथली पद्धतच आहे. पावती मात्र घ्याच, पावती दिली नाही तर पैसे द्यायला गिऱ्हाईक बांधील नाही असा तिथे नियमच आहे.

पहिलीच_ट्रिप: किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी, थँक्यू! ते 'होरीस' वालं वाक्य कागदावर लिहून बाबांच्या खिशात ठेवतेय. एकच शंका, दिपोर्तोच्या पायऱ्या आईला जमतील का, तिचे गुडघे दुखतात. आणि साडेबाराला पोचलो तर चालेल ना?

रिकामी_बॅग: पायऱ्या जरा उभ्या आहेत, पण थोड्याच, हात धरून हळू उतरवा. साडेबारा उत्तम, ग्रीक लोक दोन-अडीचनंतर जेवायला येतात, तोवर भिंतीकडेची जागा मिळून जाईल आईंना टेकून बसायला. आत गेल्यावर भांड्यांकडे बोट दाखवून मागितलं तरी चालतं, मी तेच केलं.